नुक्त्याची जागा कोणी ठरवायची?

कीबोर्डवर सर्वांत मोक्याच्या जागी बसून सर्वांत कमी काम करणारं बटण कोणतं, असं कोणी विचारलं तर मी कॅप्स लॉकचं नाव घेईन. डाव्या करंगळीला खेटून, हात न हलवता सापडणारी ही जागा. इंग्रजी फॉर्मवर नाव मोठ्या अक्षरांत भरताना त्याचा उपयोग होतो. एरवी चुकून दाबलं जाऊन पासवर्ड चुकवायचं कामच ते जास्त करतं. देवनागरीत लहान-मोठी अक्षरं नाहीत. उर्दूतही नाहीत. मराठी, उर्दू आणि इंग्रजी या तिन्ही लिप्या ज्या घरात रोज लागतात, तिथल्या दोन लिप्यांना हे बटण काडीच्या कामाचं नाही. आणि ज्या नुक्त्याची आपल्याला गरज पडते तो इन्स्क्रिप्ट मांडणीत उजव्या करंगळीपासून दोन घरं लांब, ड च्याही पलीकडे बसवलेला आहे.

हे असंच का, हा प्रश्न आपण सहसा विचारत नाही. कीबोर्डवर छापलेलं अक्षर आपल्याला सातबाऱ्यावरच्या नोंदीसारखं वाटतं, एकदा चढलं ते चढलं. पण सातबाऱ्यावरची नोंदही फेरफाराने बदलते आणि कीबोर्डवरचीही बदलते. लिनक्स चालणाऱ्या संगणकावर तर या फेरफाराला ना तलाठ्याची सही लागते ना पैसा. माझं म्हणणं असं आहे की मराठी लिहिणाऱ्या प्रत्येकाने, आणि दोन लिप्यांत जगणाऱ्या मराठी मुसलमानाने तर अगत्याने, हा फेरफार शिकून घ्यावा. याला संगणकवेड्यांचा छंद समजून बाजूला सारू नये. आपली भाषा आणि आपलं नाव कसं लिहिलं जातं, याच्याशी त्याचा थेट संबंध आहे.

बटणावरचं अक्षर बटणात नसतं

आधी यंत्राची गोष्ट समजून घेऊ, कारण ती वाटते त्यापेक्षा सोपी आहे. आपण बटण दाबतो तेव्हा कीबोर्ड संगणकाला 'क' पाठवत नाही आणि इंग्रजी 'के' सुद्धा पाठवत नाही. तो फक्त एक क्रमांक पाठवतो. अमुक जागचं बटण दाबलं गेलं, एवढीच वर्दी. लिनक्सचा गाभा, ज्याला कर्नल म्हणतात, तो त्या क्रमांकाला एक ठरावीक ओळख देतो. मग एक्सकेबी नावाची व्यवस्था एका तक्त्यात बघते की सध्या कोणती मांडणी चालू आहे आणि तिच्यात या बटणासमोर कोणतं अक्षर लिहिलेलं आहे. ते अक्षर पडद्यावर उमटतं. बटणावर छापलेली शाई या सगळ्या व्यवहारात कुठेच नसते.

हा तक्ता कुठल्या कंपनीच्या तिजोरीत बंद नाही. लिनक्समध्ये तो साध्या मजकुराच्या फाइलीत असतो. भारतातल्या भाषांच्या मांडण्या 'इन' नावाच्या एका फाइलीत आहेत आणि कोणालाही ती उघडून वाचता येते. त्या फाइलीत मराठीची वाढीव इन्स्क्रिप्ट मांडणी आहे, उच्चारावर चालणारी मराठी मांडणी आहे, आणि त्याच फाइलीत उर्दूच्याही मांडण्या आहेत. मराठी आणि उर्दू एका छपराखाली नांदू शकतात की नाही, यावर आपल्याकडे व्याख्यानं होतात. लिनक्सच्या त्या फाइलीत दोघी केव्हाच्या शेजारीशेजारी राहतात.

प्रत्येक बटणाला या तक्त्यात चार मजले देता येतात. पहिला साधा दाबल्यावर, दुसरा शिफ्टसह, तिसरा उजव्या ऑल्टसह आणि चौथा उजवा ऑल्ट व शिफ्ट दोन्हींसह. नेहमीच्या कीबोर्डवर अक्षरं, अंक आणि चिन्हं मिळून 47 बटणं असतात. चार मजले धरले तर 188 जागा झाल्या. युनिकोडमध्ये देवनागरीसाठी राखलेल्या मूळ पट्टीत जागा 128 आहेत. म्हणजे अख्खी देवनागरी मांडूनही वर जागा उरते. "एवढी अक्षरं कीबोर्डवर मावणार कशी?" हा प्रश्न इथेच निकालात निघतो. जागा कधीच कमी नव्हती. ती वाटली कशी गेली, एवढाच प्रश्न आहे.

रुपयाच्या चिन्हाचं उदाहरण बघा. केंद्र सरकारने ते जुलै 2010 मध्ये स्वीकारलं आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात ते युनिकोडमध्ये आलं. त्यासाठी कोणी देशभरातले कीबोर्ड भंगारात घातले नाहीत. भारतीय इंग्रजी मांडणीत 4 च्या बटणाचा तिसरा मजला रिकामा होता, तिथे रुपया राहायला गेला. कोणाचं घर पाडलं नाही, कोणाची सवय मोडली नाही. ही रीत लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

प्रत्येक मांडणी कोणाची तरी आहे

इंग्रजी कीबोर्डची आजची मांडणी ख्रिस्तोफर शोल्स या अमेरिकन माणसाच्या यंत्रापासून सुरू झाली. 1874 साली रेमिंग्टन कंपनीने ते यंत्र बाजारात आणलं. त्यावर फक्त मोठी अक्षरं उमटत. लहान-मोठी दोन्ही अक्षरं आणि त्यासाठीची शिफ्ट 1878 च्या दुसऱ्या यंत्रात आली. शिफ्ट धरून ठेवायला बोटाला जोर लागे, म्हणून ती अडकवून ठेवायची खिट्टी आली. आपला कॅप्स लॉक त्या खिट्टीचा वारस. लोखंडी दांडे गेले, शाईची फीत गेली, खिट्टी मात्र करंगळीशेजारी तशीच राहिली.

मराठीलाही या यंत्राने आपल्या मापात बसवून घेतलं. देवनागरी टंकलेखन यंत्रावर अर्ध्या अक्षरांना काना जोडून पूर्ण अक्षर करायचं, ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी मारायची, अशी पद्धत होती. कारण यंत्राला उच्चार कळत नव्हता, फक्त आकार कळत होता. गोदरेजने 1955 साली भारतात टाइपरायटर बनवायला सुरुवात केली आणि 2009 च्या सुमारास थांबवली. या मधल्या काळात तालुक्याच्या गावी टायपिंग क्लास काढून कितीतरी घरं चालली आणि तिथे शिकून कितीतरी मुलंमुली कचेरीत लागली. लिपिक-टंकलेखकाच्या भरतीत मराठी मिनिटाला 30 शब्दांची अट आजही आहे. या बोटांचा अपमान करण्याचा माझा हेतू नाही.

इन्स्क्रिप्ट ही मांडणी केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने 1986 साली पुढे आणली आणि 1991 च्या 'इस्की' या भारतीय मानकात तिला जागा मिळाली. तिचा विचार चांगला होता. डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला व्यंजनं, आणि मराठीत जिथे 'क' तिथेच बंगालीत, तेलुगूत, मल्याळममध्ये 'क'. पण हा विचार ब्राह्मी कुळातल्या लिप्यांचा होता. उर्दूची लिपी त्यात बसत नव्हती, म्हणून ती बाहेर राहिली. ठरवणाऱ्यांच्या मनात काही वाकडं होतं असं मी म्हणत नाही. एवढंच म्हणतो की ज्या टेबलावर मांडणी ठरली, त्या टेबलावर एकाच हाताने मराठी आणि उर्दू लिहिणारा माणूस गृहीत धरला नव्हता.

मग आले कृतिदेव, आकृती, श्रीलिपी यांचे फॉन्ट. छपाईची मोठी अडचण त्यांनी सोडवली, हे मान्य. पण त्या काळातल्या अशा फॉन्टांनी अक्षर बदललं नाही, अक्षराचा चेहरा बदलला. संगणकाच्या लेखी तो मजकूर इंग्रजी अक्षरांचाच. फक्त त्यांच्या अंगावर देवनागरीचा झगा. फॉन्ट नसलेल्या संगणकावर फाइल उघडली की झगा गळून पडे आणि खाली इंग्रजी कचरा दिसे. उर्दूत इनपेजच्या जुन्या फायलींची अडचण याच जातीची, त्यांचा मजकूर इनपेजबाहेर ओळखूच येत नसे. त्या काळात लिहिलेला मजकूर आज शोधता येत नाही, जोडता येत नाही, आधी बदलून घ्यावा लागतो. म्हणून फेरफार करायचा तर तो चेहऱ्याचा नको, मुळातल्या अक्षराचा हवा. एक्सकेबी तेच करते. बटण तुमच्या सोयीचं, पण त्यातून निघणारं अक्षर युनिकोडचं, जगात कुठेही तेच वाचलं जाणारं.

जलील आणि ज़लील

आता मुद्द्याच्या गाभ्याकडे येतो. मराठीत 'ज' चे दोन उच्चार आहेत. 'जन' मधला वेगळा, 'जमीन' मधला वेगळा. लिहायचं मात्र एकच अक्षर. बाजार, हजार, अर्ज, दरवाजा हे शब्द फारसी-अरबीतून आले आणि मराठी माणूस ते नुक्त्याशिवाय लिहितो, बरोबर वाचतो. सवयीच्या शब्दांना ठिपका लागत नाही. नव्या शब्दासाठी मराठीने आणखी एक वाट काढली, 'झ' ची. म्हणून उर्दूतली ग़ज़ल आपल्याकडे 'गझल' झाली आणि अमरावतीच्या सुरेश भटांनी ती मराठीच्या अंगणात रुजवली. या मराठी चालीबद्दल माझी तक्रार नाही. मी स्वतः नमाज, रोजा, मजूर असंच लिहितो. प्रत्येक शब्दावर ठिपके शिंपडत बसलं तर मराठी गद्याला देवीचे व्रण आल्यासारखं दिसेल.

पण नावं आली की गोष्ट बदलते. 'जलील' हे नाव घ्या. अर्थ थोर, प्रतापी. अल्लाहच्या नावांपैकी एक. त्याच 'ज' खाली ठिपका दिला की 'ज़लील' होतं, म्हणजे अपमानित, हलकट. उर्दूत ही दोन वेगळी अक्षरं आहेत, घोटाळ्याला जागाच नाही. मराठीत लिहिताना दोन्ही 'जलील'. वाचणाऱ्याच्या जिभेवर 'जमीन' मधला ज आला की हजेरीच्या वेळी वर्गात एका पोराला दररोज शिवी ऐकावी लागते, आणि शिक्षकाला त्याचा पत्ताही नसतो. त्या शिक्षकाच्या मनात द्वेष असतो असं नाही. त्याच्यापर्यंत पोचलेल्या अक्षरातच फरक नव्हता.

दुसरा शब्द जकात. मराठी माणसाला जकात म्हटलं की नाका आठवतो, ट्रकांची रांग आठवते. मुंबईची जकात जुलै 2017 मध्ये जीएसटी आल्यावर संपली. आणि मुसलमानाला आठवतो तो बचतीतला अडीच टक्के हिस्सा, जो गरिबाचा हक्क म्हणून द्यायचा. शब्द एकच, मुळात अरबी. एक वाट राज्याच्या तिजोरीकडे गेली, दुसरी इबादतीकडे. मराठीत धर्मावर लिहिताना मला कधीकधी हा फरक डोळ्यांना दिसावा असं वाटतं, आणि तेव्हा मी 'ज़कात' लिहितो. कधी वाटतं की दोन्ही अर्थ एकमेकांत मिसळू द्यावेत, तेव्हा ठिपका देत नाही. निर्णय माझा असतो. बटण लांब आहे, सापडत नाही किंवा उमटत नाही म्हणून ठिपका गळला, तर मग लिहिणारा मी उरत नाही, कीबोर्ड लिहितो.

काही मराठी मित्र म्हणतात, नुक्ता हा मराठीचा नाही, तो परका आहे. त्यांना एक गंमत सांगतो. 'वाऱ्यावर', 'दुसऱ्या', 'तऱ्हा' या शब्दांत जो आडवा, पापणीसारखा र आपण लिहितो तो खास मराठीचा. हिंदीला तो लागत नाही. युनिकोडमध्ये तो उमटवण्याची रीत म्हणजे ऱ हे अक्षर आणि हलन्त. आणि युनिकोडच्या हिशेबात ऱ म्हणजे काय? र अधिक नुक्ता. ज्या ठिपक्याला आपण परका म्हणतो, तो मराठीच्या सर्वांत मराठी अक्षराच्या पोटात बसलेला आहे. वर 'तऱ्हा' हा शब्दच मुळात अरबी!

ठिपक्याचा इतिहासही ऐकण्यासारखा आहे. अरबी लिपीच्या सुरुवातीच्या लेखनात आजच्यासारखे नियमित ठिपके नव्हते. बे, ते, से यांचा सांगाडा एकच. अरबांना संदर्भाने वाचता येई. इस्लाम अरबस्तानाबाहेर गेला, अरबी मातृभाषा नसलेले लोक कुराण वाचू लागले, तेव्हा चुकीचं वाचन होऊ नये म्हणून अक्षरांना ठिपके आणि स्वरांना खुणा देण्याचं काम झालं. परंपरा त्याचं श्रेय अबुल अस्वद अद-दुअली आणि त्यांच्या नंतरच्या विद्वानांना देते. म्हणजे ठिपका आला तोच मुळी नवख्या वाचणाऱ्याच्या सोयीसाठी. मराठीतही तो त्याच कामाला हवा. मुसलमान वाचकाला 'जलील' कसं वाचायचं हे ठाऊकच असतं. ठिपका लागतो तो शेजाऱ्याला.

सारखं दिसतं ते सारखं नसतं

इथे एक गंभीर अडचण सांगायला हवी, कारण तिच्यात माणसांचे कागद अडकतात. संगणकात एकच दिसणारं अक्षर दोन-तीन प्रकारे साठवता येतं. 'ज़' एका अखंड अक्षराच्या रूपातही असतो आणि ज व नुक्ता अशा दोन तुकड्यांतही. पापणीचा र ऱ वापरून येतो, तसाच साधा र, हलन्त आणि एक अदृश्य जोडखूण वापरूनही येतो. 'ॲ' ला युनिकोडमध्ये 2008 साली स्वतंत्र जागा मिळाली. त्याआधीपासून लोक 'ऍ' किंवा 'अ' वर चंद्र देऊन भागवत होते. म्हणून आजही वकिलाच्या पाटीवर 'ॲड.' आणि त्याच्या वेबसाइटवर 'ऍड.' दिसतं. डोळ्याला किरकोळ फरक, शोधणाऱ्या यंत्राला वेगळे शब्द.

उर्दूत हाच घोळ वेगळ्या रूपात आहे. घाईत कोणी उर्दूऐवजी अरबी मांडणी लावली तर काफ, ये आणि हे ही अक्षरं अरबी जातीची पडतात. शब्दाच्या मध्ये ती जवळपास सारखीच दिसतात, पण यंत्राच्या लेखी ती वेगळी. यादीत नाव असतं आणि शोधलं तर सापडत नाही.

आता यात मुसलमान नावांची भर घाला. एकटं 'मुहम्मद' मराठी कागदांवर मुहम्मद, मोहम्मद, मोहंमद, महंमद, महमद आणि नुसतं 'मो.' अशा सहा तऱ्हांनी सापडतं. शाळेचा दाखला एक बोलतो, रेशनकार्ड दुसरं, मतदार यादी तिसरं. ज्याने ते टाइप केलं त्याच्या हाताला जे सोपं पडलं ते आमचं नाव झालं. त्यानंतर प्रतिज्ञापत्रं करत फिरायचं काम आमचं.

म्हणून माझा सल्ला दुहेरी आहे. सरकारी कागदावर आधी जे लिहिलेलं आहे तेच, अक्षरशः तेच, पुढे ठेवा. तिथे नव्याने नुक्ता घालून तिसरी तऱ्हा निर्माण करू नका. पण नव्या बाळाच्या पहिल्या दाखल्यावर, लग्नपत्रिकेवर, दुकानाच्या पाटीवर, पुस्तकावर, लेखावर नाव कसं हवं ते आधी घरात ठरवा, आणि टाइप करणाऱ्याच्या शेजारी बसून ते तसंच उमटलं का ते पाहा. आणि यंत्रणा बनवणाऱ्यांना सांगणं असं की नुक्त्याची दोन्ही रूपं एकच मानून शोध घेणं हे तुमचं काम आहे. युनिकोडने त्याचे नियम घालून दिलेले आहेत. त्यांचा भार नागरिकाच्या डोक्यावर टाकू नका.

तीन आक्षेप

पहिला आक्षेप प्रमाणाचा. जो तो आपली मांडणी करू लागला तर दुसऱ्याच्या संगणकावर बसायचं कसं, परीक्षा द्यायची कशी? आक्षेप खरा आहे. म्हणून मी रुपयाची रीत लक्षात ठेवायला सांगितलं. पाडापाडी नको, रिकाम्या मजल्यावर बांधा. इन्स्क्रिप्ट शिकला असाल तर तिचं एकही अक्षर हलवू नका. फक्त नुक्ता, ॲ आणि जोडखूण यांना तिसऱ्या मजल्यावर, बोटाच्या टप्प्यात जादा जागा द्या. परीक्षेच्या संगणकावर जुनी जागा आहेच. रेमिंग्टनवर हात बसलेल्यांनाही तो हात मोडायची गरज नाही. लिनक्सवर आयबस आणि एम-सतरा-एन ही जोडी बसवली की मराठीसाठी रेमिंग्टन, इन्स्क्रिप्ट, मिंग्लिश, गमभन असे पर्याय मिळतात.

दुसरा आक्षेप मोबाइलचा. आता बोललं की टाइप होतं, इंग्रजीत 'नमस्कार' लिहिलं की मराठी उमटतं, कीबोर्ड कोणाला हवा? व्हॉट्सॲपपुरतं हे ठीक आहे. पण रोमन अक्षरांतून मराठी लिहिताना न आणि ण, ल आणि ळ, त आणि ट यांतलं एक यंत्र तुमच्या वतीने निवडतं, आणि निवडतं ते जास्त लोकांनी लिहिलेलं. बहुसंख्यांचा शब्द पुढे, कमी वापराचा मागे. वऱ्हाडी बोलीतला शब्द, उर्दूतला शब्द, गावातलं आडनाव यांची तिथे दर वेळी गळचेपी होते. ज्याची भाषा यादीत मागे पडते त्याने तरी अक्षर स्वतःच्या बोटाने लिहायला शिकावं.

तिसरा आक्षेप सगळ्यांत प्रामाणिक आहे : हे जमणार कोणाला? उत्तर असं की सुरुवातीच्या पायऱ्या फक्त टिचकीच्या आहेत. ग्नोम डेस्कटॉपवर सेटिंग्जमध्ये कीबोर्डच्या पानावर मराठी आणि उर्दूच्या मांडण्या जोडायच्या. 'ट्विक्स' नावाचा छोटा प्रोग्राम घेतला की त्यात जादा पर्यायांची यादी मिळते. केडीई आणि लिनक्स मिंटमध्ये ही यादी कीबोर्डच्या सेटिंगमध्येच आहे. त्यात 'कॅप्स लॉकने मांडणी बदला' हा पर्याय निवडला की ते आळशी बटण कामाला लागतं. एकदा दाबलं की मराठी, पुन्हा दाबलं की उर्दू, पुन्हा दाबलं की इंग्रजी. लिपी बदलण्यासाठी वाक्य थांबवावं लागत नाही. ज्या घरात एका पत्रात तिन्ही लागतात, त्याला याची किंमत कळेल.

त्यापुढे जायचं असेल त्यांच्यासाठी दोन सावधगिऱ्या. जुन्या व्हिडिओंत एक्समॉडमॅप नावाचं हत्यार दाखवतात. ते जुन्या एक्स व्यवस्थेचं आहे, नव्या वेलँडवर त्याचा भरवसा नाही. आणि मूळ 'इन' फाइलीत थेट खाडाखोड केली तर पुढच्या अपडेटमध्ये ती पुसली जाते. वेलँडवर आपली मांडणी आपल्या होम फोल्डरात वेगळी ठेवायची सोय आहे, तिचा उपयोग करा आणि मूळ फाइलीची प्रत जवळ ठेवा. ज्यांना बटणांचीच अदलाबदल करायची आहे त्यांच्यासाठी की-डी नावाचा प्रोग्राम चांगला आहे. तो डेस्कटॉपच्या खालच्या थरावर काम करतो, त्यामुळे वर एक्स असो की वेलँड, फरक पडत नाही.

अमडापुरात याचं काय?

हे सगळं पुण्या-मुंबईचं वाटेल. मला ते अमडापूरसारख्या गावाचं जास्त वाटतं. आमच्याकडे लॅपटॉपचं एक बटण गेलं की चिखली किंवा खामगाव गाठायचं, कामाचा दिवस घालवायचा, आणि दुरुस्तीवाला म्हणतो की एक बटण मिळत नाही, अख्खा कीबोर्ड बदलावा लागेल. ज्या मुलाच्या हातात तो लॅपटॉप चुलतभावाकडून वापरून आलेला आहे, त्याला हा खर्च जड आहे. मेलेल्या बटणाचं काम मेनूच्या किंवा कॅप्स लॉकच्या बटणाकडे सोपवणं हे पाच मिनिटांचं काम, खर्च शून्य. मळणी यंत्रात बोट गमावलेला माणूस खेड्यात विरळा नाही. त्याने दोन बटणं एकदम कशी दाबायची? शिफ्ट आणि कंट्रोल एकामागून एक दाबून चालतील अशी सोय लिनक्समध्ये तयार आहे, आणि उरलेल्या बोटांच्या टप्प्यात बटणं आणून ठेवता येतात. त्या माणसासाठी हा फेरफार म्हणजे रोजगाराचा प्रश्न आहे.

शिवाय वेळही आलेली आहे. विंडोज 10 चा नेहमीचा पाठिंबा ऑक्टोबर 2025 मध्ये संपला. कितीतरी जुन्या संगणकांवर विंडोज 11 चालत नाही. ते भंगारात जाण्याऐवजी लिनक्स टाकून शाळेत, वाचनालयात, मदरशात जाऊ शकतात. केरळच्या सरकारी शाळांनी संगणक शिक्षणासाठी लिनक्सची वाट कधीच धरली. एमएस-सीआयटीने महाराष्ट्रात गावोगाव माउस धरायला शिकवलं, हे मोठं काम झालं. आता पुढची पायरी म्हणून निदान एक तास 'आपली मांडणी आपण कशी करावी' याला द्यायला हरकत नाही.

बुलढाणा जिल्ह्यात मराठी शाळा आहेत, जिल्हा परिषदेच्या उर्दू शाळाही आहेत. आपल्या समाजात मुलाला कुठे घालायचं यावर वाद चालतात. मराठीत गेला तर उर्दू जाते, उर्दूत गेला तर स्पर्धा परीक्षा जाते. या वादात मी मराठीच्या बाजूचा, कारण इथली कचेरी, इथलं शेत, इथला शेजार मराठी बोलतो आणि माझं लिखाणही याच भाषेत आहे. पण एक सोडल्याशिवाय दुसरी येत नाही, ही समजूत मला पटत नाही. 1990 साली सोलापूरला पहिलं मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरलं, तेव्हापासून लिहिणाऱ्यांच्या पिढ्यांनी दाखवून दिलं की मराठी ही आमच्या घरातली भाषा आहे, पाहुणी नाही. तिच्यासाठी दादीच्या पत्रांची लिपी माळ्यावर टाकायची गरज नाही. उर्दू शाळेतल्या पोराला मराठी मांडणी द्या, मराठी शाळेतल्या पोराला उर्दू मांडणी द्या, मधे एक बटण ठेवा.

कुराणातल्या एका सूरेचं नाव 'अल-क़लम' आहे. कलमाची आपल्याकडे फार थोरवी. कलम मात्र ज्याच्या हाती असे तोच ते तासत असे. कातिब आपल्या बोरूचा टोक आपल्या हाताच्या वळणाप्रमाणे कापून घेई, दुसऱ्याचं कलम सहसा चालत नसे. आजचं कलम कारखान्यातून तयार येतं आणि सगळ्यांना सारखं. तरी ते तासायचा चाकू लिनक्सने आपल्या हाती दिलेला आहे. तो बोथट पडू देऊ नये. पहिली सुरुवात म्हणून आज संध्याकाळी कॅप्स लॉकला एखादं उपयोगी काम नेमून द्या. दुसऱ्या दिवशी नुक्त्याला बोटाजवळ जागा करून द्या. मग ठिपका द्यायचा की नाही, हे दर वेळी तुमचं तुम्ही ठरवा.